आधी पुसून घ्या

...नाही नाही रत्नाकरराव, तो पडदा गुंडाळू नका, राहू द्या तसाच पांढराफटक, बघू दे लोकांना, कारण तुम्हाला सांगतो मंडळी, या पडद्यावर आत्ता, या घटकेला, माझी आई दिसायला हवी होती! पत्रिका आहे ना हातात? वाचा. गणेशोत्सव, दिवस चौथा, सायंकाळी पाच, 'झाशीतल्या मराठी घरांच्या जुन्या गोष्टी', सांगणार कै. विमलाबाई. आता कै. माणूस येऊन गोष्टी सांगणार असं छापायची हिंमत आपल्या मंडळानं कशाच्या जोरावर केली? एका डबीच्या जोरावर! साबणाच्या वडीएवढी काळी डबी, तिला एक शेपटी, ती शेपटी लॅपटॉपला खुपसायची, आणि त्या डबीच्या पोटात म्हणे सगळं मावतं, लग्नं मावतात, बारशी मावतात, गेलेली माणसं मावतात. एक्स्टर्नल हार्ड डिस्क! आणि हे आपले चिटणीस रत्नाकरराव, आत्ता पडद्याआड मला काय म्हणतात, "यज्ञेश्वरराव, वीस मिनिटं काहीतरी बोला, लोकांना धरून ठेवा, सुरभीताई तोवर काहीतरी करतायत." काहीतरी बोला! अहो, मी नहर विभागातला, म्हणजे कालव्यांच्या खात्यातला, निवृत्त हेडक्लार्क, आयुष्यभर 'वरीलप्रमाणे मंजुरीस सादर' याच्या पलीकडे मी कुणापुढे काही बोललेलो नाही. पण आता बोलतो. आता ऐकाच.

मला पुसाल तर, त्या डबीवर काडीचा भरवसा ठेवू नका.

कोण हसलं? मागच्या रांगेत? हां, बबीन्याच्या छावणीतली फौजी मंडळी. "काका, विचाराल तर म्हणा, विचाराल तर!" ऐकू आलं मला. हसा. तुम्ही साताऱ्या-सांगलीहून तीन वर्षांच्या पोस्टिंगवर येता आणि पुन्हा घरी जाता, तुमची मराठी धुऊन इस्त्री होऊन परत येते. आमचे पूर्वज पेशव्यांच्या वेळी आले ते परत गेलेच नाहीत, येताना जेवढी मराठी बांधून आणली तेवढीच आजवर पुरवून पुरवून वापरतोय, चारी बाजूंनी हिंदी आणि बुंदेली, नवी कुठून आणणार? आमच्या घरात कुणी कुणाला काही विचारत नाही, पुसतं. पाहुण्याला पाणी पुसतात, डॉक्टरला औषध पुसतात, रस्ता पुसत पुसत जातात. आई तर शेवटपर्यंत. असो. झालं हसून? पुढे ऐका.

तर ही आई. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, माहेर गुरसराय, दात तीन, स्मरणशक्ती अशी की १९५२ साली कुणाच्या लग्नात कोण रुसलं आणि कशाला रुसलं आणि मग कुणी समजूत काढली, सगळं नावानिशी. हादग्याची अशी गाणी तिला येत होती की निम्मी ओळ मराठी आणि निम्मी बुंदेली, आणि जिथे बुंदेली सुरू होते तिथे ती हसायची. ती गाणी आता झाशीत कुणाला येतात? हात वर करा. एक? नाही, तुम्ही पंखा बंद करा म्हणताय. कुणालाच येत नाहीत. तर माझ्या डोक्यात आलं, हिला साठवून ठेवू. पोराचा जुना कॅमेरा होता, हातात धरायचा, तो घेतला आणि तिच्यापुढे बसलो. तीन हिवाळे बसलो. हिवाळेच का? कारण उन्हाळ्यात कूलर चालू, आणि त्या कूलरच्या घरघरीत आई बोलली की असं वाटायचं ती मालगाडीतून बोलतेय, आणि कूलर बंद केला तर आई बोलायची नाही, "तुझ्या कॅमेऱ्यासाठी मी काय भाजून मरू?" म्हणून तीन हिवाळे. शेचाळीस तास. मी लिहून ठेवलेत, तारीखवार, कुठल्या दिवशी कुठला विषय, हेडक्लार्क आहे मी.

आणि कॅमेऱ्याचं कार्ड भरायचं. दर आठवड्याला भरायचं. मग ते रिकामं करायचं कशात? म्हणून गेलो सिपरी बाजारात, दीनानाथच्या दुकानात, कंप्यूटर, मोबाइल, इन्व्हर्टर, सगळं विकतो तो. त्याला पुसलं, बाबा रे, असं असं आहे, आईचं आहे, काय घेऊ? त्यानं काचेखालून ही डबी काढली, फुंकर मारली आणि म्हणाला, "ले जाओ पंडित जी, बेफिकर रहो।" डब्यावर काय छापलंय? 'जीवन भर का साथ'. आणि खाली बारीक अक्षरात, मुंगीला चष्मा लागेल एवढ्या बारीक, 'वारंटी तीन साल'. जीवनभराची साथ आणि वॉरंटी तीन वर्षं! कुणाचं जीवन आहे हे? उंदराचं? आणि त्याच्याखाली आणखी बारीक, डेटाची जबाबदारी कंपनीची नाही. म्हणजे डबी बिघडली तर दुसरी डबी देऊ, आतलं गेलं तर तुमचं तुम्ही बघा. अहो, मग मी घेतलंय काय? मी काय डबीसाठी डबी घेतलीय? उद्या बँक म्हणेल, लॉकरचं दार मोडलं तर नवीन दार देऊ, दागिन्यांचं आम्हाला पुसू नका. चालेल तुम्हाला? पण हे चालतं! सगळ्या जगाला चालतं!

मला पुसाल तर, काडीचा भरवसा ठेवू नका.

पहिले दोन हिवाळे ठीक गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात, सत्तेचाळीस डिग्री, भिंती रात्रंदिवस भाजतायत, आणि मी शेपटी खुपसली तर आतून आवाज. टक. मी म्हटलं पाल असेल. टक... टक टक. पाल एवढ्या शिस्तीत बोलत नाही. टक टक, थांबायचं, पुन्हा टक टक, आतमध्ये जसं कुणी कोंडलंय आणि दार वाजवतंय, आणि कोण कोंडलंय? माझी आई कोंडलीय! मी पळत दीनानाथकडे. तो कानाला लावून ऐकतो, एखाद्या वैद्यासारखा, आणि म्हणतो, "हम का करें पंडित जी, मसीन है। कबऊँ चलत, कबऊँ नईं चलत।" अरे, मग 'बेफिकर रहो' कोण म्हणालं होतं? मग म्हणतो, "उल्टी रख के देखो।" म्हटलं, काय? "उल्टी। पीठ के बल।" आणि मंडळी, शपथ घेऊन सांगतो, उलटी ठेवली की चालायची! दहा मिनिटं चालायची, गरम व्हायची, बंद पडायची. मग मी तिला माठाशेजारी ठेवायचो, फडक्यात गुंडाळून. आई बघायची. एक दिवस म्हणाली, "यज्ञा, त्या डबीला ताप आलाय का रे? माझ्या कपाळावर तू कधी एवढ्या वेळा हात ठेवला नाहीस." आता काय सांगू तिला, की बाई, त्या डबीत तूच आहेस?

मग पोराला फोन केला. पार्थ. बंगळुरूला असतो, कंप्यूटरचंच काम करतो, त्याला मराठी कळते सगळी, बोलताना मात्र गाडी रूळ बदलते. त्याला पुसलं. म्हणाला, "बाबा, तुम्ही टेंशन मत लो. थ्री-टू-वन करायचं." ते काय? "तीन कॉपी ठेवायची, दोन वेगळ्या प्रकारची, आणि एक दूसरे शहर में." आणि मग म्हणतो, "नाहीतर सीधा क्लाउड में डाल दो ना." क्लाउड म्हणजे ढग. मी सहज आईला सांगितलं, पार्थ म्हणतोय तुला ढगात ठेवू. झालं! दोन दिवस बोलली नाही बाई. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला न पुसता बापलेकांनी ठरवूनसुद्धा टाकलं? अजून जेवतेय मी, दोन्ही वेळा." तिचं हे पुसणं फार होतं. सायकल विकली, मला पुसलंस का? दाराला रंग दिला, मला पुसलंस का? न पुसता केलेली गोष्ट तिच्या लेखी झालेलीच नसायची. आणि ढगाचं म्हणाल तर आमच्या गल्लीतलं इंटरनेट! एका हिवाळ्याचं वर पाठवायला लावलं तर कंप्यूटरनं सांगितलं, एकशे एकोणीस दिवस. आणि वीज जायची दिवसातून चारदा. मग ढगाचा नाद सोडला.

म्हणून दुसरी डबी आणली. पहिलीतलं दुसरीत घातलं, दहा दहा मिनिटं, उलटी ठेवून, किती दिवस लागले पुसू नका. आणि दुसरी घेऊन मी मऊरानीपुरला गेलो, आमचे मेहुणे जगन्नाथराव, त्यांचा धान्याचा धंदा, कारण पार्थनं सांगितलं होतं ना, एक दुसऱ्या गावी! बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो, खड्डा आला की मी उठून उभा, खड्डा गेला की खाली, शेजारची बाई म्हणाली, "भैया, का बीमार हो?" जगन्नाथरावांना सांगितलं, जपून ठेवा, घरात आई आहे समजा. त्यांनी काय करावं? एवढं मोलाचं म्हणून घरात नाही ठेवलं, गोदामात ठेवलं! कुलूप घालून! हरभऱ्याच्या पोत्यांमागे, लाकडी पेटीत! वर्षानं परत आणायला गेलो तर शेपटी उंदरांनी खाल्लेली. पूर्ण. जगन्नाथराव म्हणतात, "पण डबीला दात लावला नाही हो, बघा." म्हणजे उंदरालाही कळलं, खाण्यासारखं यात काही नाही. नवीन शेपटी घेतली, लावली, तर लॅपटॉप मला काय पुसतो? ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? मी म्हटलं नको. काढली, पुन्हा लावली. करू का? नको! करू का? अरे नको म्हणतो ना! पण निदान पुसत तरी होता तो. यंत्र होतं, पण करण्याआधी पुसत होतं. हे लक्षात ठेवा मंडळी, यंत्रानं पुसलं होतं.

मग कंपनीचा नंबर. 'आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है', आणि मग बासरी. बासरी, बासरी, बासरी. मग एक बाई, इतकी गोड, की साखरेची तपासणी करून घ्यावी. "सर, आप डिस्क हमें भेज दीजिए, हम नई दे देंगे।" आणि आतलं? "सर, डाटा की जिम्मेदारी ग्राहक की होती है।" म्हटलं, बाई, आत माझी आई आहे. ती गप्प झाली. मला वाटलं, पाझर फुटला. मग म्हणाली, "सर, आपने बैकअप नहीं रखा?" तळपायाची आग मस्तकात गेली हो! हाच तर बॅकअप आहे! कॅमेऱ्याचा बॅकअप ही डबी, या डबीचा बॅकअप ती डबी, आणि तिचा कुठला ठेवू, काशीला?

मला पुसाल तर, काडीचा भरवसा ठेवू नका. तरी दोन्ही डब्यांचे कागद, पावत्या, वॉरंटीची कार्डं, सगळं त्या डब्यांबरोबर एकाच पिशवीत ठेवलं. व्यवस्थित माणूस आहे मी. ही पिशवीही लक्षात ठेवा.

मग आई गेली. दोन वर्षं झाली, माघात. सकाळी चहा मागितला, चहा आणेपर्यंत गेली. मी सांगतो तुम्हाला, मला त्या दिवशी रडू आलं नाही, तेराव्यालाही आलं नाही, कारण मनात कुठेतरी होतं, की आहे, डबीत आहे, उलटी ठेवली तर दहा मिनिटं दिसते. कधी लावली नाही मात्र. धीर झाला नाही. म्हटलं लावली आणि टक टक झालं तर? न लावता आहे, तोवर आहे. दोन वर्षं तशीच कपाटात. आणि यंदा रत्नाकरराव आले, म्हणाले गणपतीत दाखवू, नव्या पोरांना मराठी ऐकू येईल, आणि मी छाती काढून म्हटलं, दाखवू! शेचाळीस तास आहेत!

आता डब्या दुरुस्त कोण करणार? तर सुभेदार जयसिंगराव, बबीन्याला असतात, त्यांच्या पत्नी सुरभीताई, कंप्यूटरचं शिक्षण झालेलं, शाळेत शिकवायच्या, हुशार, नम्र, साताऱ्याकडच्या. मी जयसिंगरावांच्या हाती ती पिशवी दिली, दोन डब्या, कागदपत्रं, सगळं, म्हटलं काम काय ते ताईंनाच फोनवर सांगतो. आणि सुरभीताईंना फोन लावला, तो लागेना, म्हणून व्हॉट्सअॅपवर बोलून निरोप ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ठेवला, आधी कागदावर लिहून काढला, मग वाचला, संदिग्धता राहायला नको म्हणून. हा घ्या, माझ्या फोनमध्ये अजून आहे, हा बरा नाही उडाला! हा बरा शाबूत आहे! ऐका, मी म्हणतोय: "सुरभीताई, नमस्कार. दोन्ही डिस्क पाठवल्या आहेत, सोबत कागद आहेत. एकच विनंती. आधी पुसून घ्यायचं, मगच पुढचं. न पुसता काही म्हणजे काही करायचं नाही. एकदा पुसून समाधान झालं नाही तर दोनदा पुसा. संकोच करू नका."

बघा. बघा, मागच्या रांगेतलं हसू कसं मावळलं. समजलं ना तुम्हाला? मला नव्हतं समजलं! मी तो निरोप पाठवून समाधानानं पोळी खाल्ली होती!

दोन दिवस फोन नाही. म्हटलं बाईंना काही पुसण्यासारखं अडलं नसेल, हुशार आहेत. काल सकाळी फोन. आवाज आनंदी. "काका, झालं बघा काम!"

म्हटलं, "झालं? अहो पण मला कुठे पुसलंत?"

"तुम्हाला? तुम्हाला कसं पुसणार, काका? डिस्क पुसल्या की."

"डिस्कला पुसलं? डिस्कला काय पुसलं?"

"सगळं. दोन्हींचं सगळं पुसलं. दोनदा."

मी म्हणतो, "मग काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही म्हणाल्या, काका. रिकाम्या झाल्या."

रिकाम्या! मंडळी, मी तिथेच खाली बसलो. मोरीच्या उंबऱ्यावर. हातात ब्रश. तिकडे त्या सांगतायत, "तुम्ही वॉरंटीचे कागद दिलेते ना, मला वाटलं कंपनीला परत द्यायच्यात. आमच्यात अशी कुठलीबी वस्तू बाहेर द्यायची म्हटली की पुसूनच द्यायची असतीय, काका, यांच्या फौजेचा नियमच हाय. आणि तुम्ही म्हणालात की, एकदा नाही, दोनदा पुसा. म्हणून मी ते खोलवरचं पुसायचं असतंय ना, ते लावलं. सगळं तुमच्याकडं लॅपटॉपवर असणारच म्हटलं." मी विचारलं, हो, विचारलं, तेवढ्यापुरतं पुसणं सोडलं मी, मी विचारलं, की किती वेळ लागला? म्हणाल्या, एकेकीला अकरा तास.

अकरा तास! ऐका मंडळी, आता ऐका! जी डबी माझ्या हातात दहा मिनिटं सलग चालली नाही, जिला मी माठाशेजारी निजवली, उलटी केली, फडकी बदलली, ती डबी आईला खोडायला अकरा तास चालली! सुलटी! न थांबता! टक नाही, टुक नाही! आणि ती दुसरी, जी मला प्रत्येक वेळी करू का, करू का म्हणायची, तिला एकदा कर म्हटल्याबरोबर किती गुणी झाली! हा भरवसा! ठेवायला सांगितलं तेव्हा ठेवलं नाही, आणि घालवायला सांगितलं तेव्हा एक अक्षर मागे सोडलं नाही. काय म्हणावं या जातीला? आणि दीनानाथकडे नेल्या काल दुपारी, परत काढता येतं का बघ म्हणून, तर तो एक एक लावतो, बघतो, आणि टोपी काढून ठेवतो. "पंडित जी, एक बार मिटो होतो तो हम कछू कर लेते। दो बार में तो राम-राम है। करबे से पैलें काऊ से पूछ लेते।" पूछ लेते! पूछ लेते म्हणतो मला! म्हटलं, दीनानाथ, पूछ लेने के लिए ही तो बोला था रे!

रागावू कुणावर? सांगा ना. कंपनीवर? तिनं बारीक अक्षरात लिहिलंच होतं. सुरभीताईंवर? त्यांनी मी सांगितलं तेच केलं, मी सांगितलं त्याहून एक कानामात्रा इकडचा तिकडे नाही, माझ्या खात्यात असा एक क्लार्क मिळाला नाही मला. त्या शब्दावर रागावू? तो आम्ही इतक्या पिढ्या सांभाळला. लढाया झाल्या, संस्थान गेलं, इंग्रज आले आणि गेले, पोरांची मराठी हिंदीत बुडाली, पण तो शब्द नाही हरवला! त्याला ना शेपटी लागली, ना वॉरंटी, ना बॅकअप. एवढा टिकला, एवढा टिकला, की शेवटी त्यानंच माझी आई खाल्ली. माझ्या तोंडून. आणि मी कालपासून राग राग करतोय आणि तो राग ठेवायला जागा सापडत नाहीये, रत्नाकरराव, एवढ्या टेराबाइटचा राग आहे.

बिचाऱ्या सुरभीताई आज सकाळच्या बसनं आल्या बबीन्याहून, डोळे सुजलेले. दारातच म्हणाल्या, "काका, तो कॅमेरा कुठाय?" मी तडकलो. म्हटलं, कॅमेऱ्यात काय असणार? मी दर आठवड्याला कार्ड रिकामं करत होतो, व्यवस्थित माणूस आहे मी! त्या म्हणाल्या, "कार्ड नव्हं काका, कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पोटात थोडी जागा असतीय. तिथं बघते." म्हटलं, बघा. आता पुसून-बिसून घेऊ नका, नुसतं बघा. कॅमेऱ्याची बॅटरी मेलेली, दुपारपासून इथे पडद्याआड चार्जिंगला लावलीय, म्हणून तुम्ही हे वीस मिनिटं माझं...

काय? काय म्हणताय सुरभीताई?

सापडलं? काय सापडलं? ...किती? अकरा सेकंद.

अकरा सेकंद, मंडळी. शेचाळीस तासांतले अकरा सेकंद... नाही नाही, थांबा, त्या शेचाळीसमधलेही नाहीत ते. आठवलं मला. पहिला दिवस. मी कार्ड घालायला विसरलो होतो! कॅमेरा सुरू केला, आई मटार सोलत बसली होती, आणि मग कळलं कार्डच नाही, म्हणून बंद केला. ते मी वहीत लिहिलंसुद्धा नाही. बघा म्हणजे, जे तीन हिवाळे जपलं, दोन गावी ठेवलं, मांडीवर घेऊन फिरवलं, ते गेलं, आणि जे विसरलो तेवढं राहिलं. लावा सुरभीताई. लावा, रडू नका. दिवे घालवा हो कुणीतरी.

...

ही आई. हे तिचं नाक, ती चमकी. बघा मटाराचा दाणा कसा पळाला. वर बघितलं... आता बोलेल...

ऐकलंत? मागे ऐकू आलं? आवाज बारीक आहे, पुन्हा लावा. आता आलं? काय म्हणाली, ऐकलंत ना?

"यज्ञा, हे काय धरलंयस माझ्या तोंडापुढे? आधी मला पुसलंस का?"

...पुसलं ग आई. दोनदा.